विचारून घ्यायची सुई

काळजी करण्यात रोह्याच्या मालूचा हात धरणारं कोणी नाही. नवरा शिफ्टवरून यायला थोडा उशीर झाला की तिच्या डोळ्यांसमोर केमिकल कंपनीतल्या टाक्या फुटायला लागतात. पावसाळ्यात कुंडलिकेचं पाणी अजून पुलाच्या बरंच खाली असतं आणि हिच्या गाद्या माळ्यावर चढलेल्या असतात. तिचा नवरा सखा चारचौघांत सांगतो की आमची मालू शिजलेल्या भातालाही मोड येतील म्हणून घाबरते. मन चिंती ते वैरी न चिंती ही म्हण हिच्याकडे बघूनच कोणीतरी केली असणार. लोक हसतात आणि मालूही त्यांच्याबरोबर हसते. मात्र हसणाऱ्यांना एक गोष्ट आठवत नाही. तिच्या शंभर काळज्या फुकट गेल्या असतील, पण एक खरी ठरली होती, आणि ती एकच जन्माला पुरेल एवढी होती.

ती काळजी म्हणजे तिचा धाकटा भाऊ सुशील.

मालूचं माहेर पेणजवळचं हमरापूर. तिथे घरोघरी गणपतीचे कारखाने आहेत. कारखाना म्हणजे धुराडं आणि भोंगा नव्हे. पत्र्याची शेड, रबराचे साचे, पांढऱ्या धुळीनं माखलेली माणसं आणि नजर जाईल तिथे गणपती. साच्यातून मूर्ती काढायला कोणीही शिकतो. अंगाला रंग मारायला घरच्या बायका पुरतात. डोळे काढणं मात्र सगळ्यांचं काम नव्हे. त्याला तिथे आखणी म्हणतात, आणि ज्याचा हात आखणीत बसला त्याला सीझनमध्ये लोक घरी येऊन चहा पाजतात. सुशील हा चुलतभाऊ अमोलच्या कारखान्यात आखणी करतो. राहतोही तिथेच, शेडच्या मागच्या खोलीत. माणूस अबोल. श्वास रोखून बारीक ब्रश टेकवतो, एका दमात पापणीची रेघ ओढतो आणि मग श्वास सोडतो. तोवर जो मातीचा गोळा होता, तो तुमच्याकडे बघायला लागतो.

विशीत असताना हा मुलगा आजारी पडला. आधी झोप गेली. मग खाडीपलीकडचे लोक आपल्याविषयी बोलतात आणि ते आपल्याला इथे ऐकू येतं, असं तो सांगायला लागला. एक दिवस तो घरातून निघून गेला आणि सापडला तो वडखळच्या नाक्यावर. भर रहदारीत उभा राहून तो अलिबागकडे जाणाऱ्या गाड्यांना परत फिरवत होता, पुढे धोका आहे म्हणून. अंगारे झाले, लिंबं उतरवून झाली. गावानं वेडा ही पदवी देऊन टाकली; ती द्यायला गावाला शिक्षण लागत नाही. शेवटी डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, स्किझोफ्रेनिया. घरात ते नाव कोणाच्या जिभेवर बसलं नाही. घरात त्याला ‘सुशीलचं’ एवढंच म्हणत.

गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांनी तो बरा व्हायचा, बरा झाला की गोळ्या सोडायचा, आणि सोडल्या की पुन्हा खाडीपलीकडचे लोक बोलायला लागायचे. असं किती वेळा झालं. मग आईला कोणीतरी शहाणपण शिकवलं आणि तिनं गोळ्या कुटून त्याच्या जेवणात घालायला सुरुवात केली. प्रेमापोटीच केलं तिनं. एक दिवस वालाची उसळ कडू लागली. सुशीलनं ताट सरकवलं, चुलीमागे जाऊन बघितलं, आणि त्याला पाट्याखाली पांढरी पूड सापडली.

आता बघा, त्याच्या कानातले आवाज त्याला कित्येक दिवस सांगत होते की घरचे तुझ्या अन्नात काहीतरी घालतात. आणि घरचे खरोखरच घालत होते. त्याच्या आजारानं केलेला आरोप आईनं स्वतःच्या हातानं खरा करून दाखवला. त्यानंतर त्यानं घरचं अन्न सोडलं. बंद पुड्यातली बिस्किटं खायचा, झाडावरचे पेरू खायचा. हाडं दिसायला लागली. आई गेली ती, पोरगं माझ्या हातचं खात नाही, हा घाव घेऊन गेली. मालू ते विसरलेली नाही. विसरण्यासारखं ते नाहीच.

सुईची गोष्ट त्यानंतरची. पेणच्या सरकारी दवाखान्यात महिन्यातून एकदा मनाच्या आजारांच्या डॉक्टरीणबाई येतात. त्यांनी सांगितलं की याला रोजच्या गोळीऐवजी महिन्याची सुई देता येईल. औषध कमरेच्या स्नायूत राहतं आणि मडक्यातून पाणी पाझरावं तसं महिनाभर अंगात उतरत राहतं. रोजची आठवण नको, रोजचं भांडण नको. मालूला वाटलं, सुटले. पण सुशील तिच्याकडे बघत होता, आणि तो काय विचार करतोय ते तिला कळलं. तिनं तिथेच, डॉक्टरीणबाईंसमोर, त्याला शब्द दिला. इथून पुढे तुझ्यापासून लपवून काही करणार नाही. दर वेळी तुला विचारेन. नको असेल तर नको म्हण, मी जबरदस्ती करणार नाही आणि कोणाला करूही देणार नाही.

तेव्हापासून तो रिवाजच पडला. महिन्याच्या त्या ठरल्या दिवशी मालू रोह्याहून सकाळची एसटी पकडायची. नागोठणं, गडब, वडखळ, पेण, आणि मग रिक्षानं हमरापूर. सुशीलला घेऊन पुन्हा पेण. दवाखान्यात पडद्याआड जायच्या आधी ती विचारायची, “घ्यायची ना रे?” आणि तो म्हणायचा, “घेऊ.” एवढंच. निशिगंधा सिस्टर सुई भरून उभ्या असायच्या, त्यांनाही सवय झाली होती. नुसतं म्हणायला विचारणं होतं ते, असं कोणालाही वाटलं असतं. पण त्या एका शब्दावर सुशील वर्षानुवर्षं उभा होता. खोलीत झोपत होता, अमोलच्या बायकोच्या, प्रणिता वहिनीच्या हातचं जेवत होता आणि गणपतींना डोळे देत होता.

एक त्रास मात्र होता. सुई घेतल्यावर काही दिवस त्याचा हात कापायचा. कप धरला की बशीत खळखळायचा. त्या दिवसांत तो आखणी करू शकायचा नाही. नुसती सोंडेवरची नक्षी, मागचा रंग, असली कामं करायचा. त्यानं मालूला हे पुष्कळदा सांगितलं होतं. आणि इथे आमच्या काळजीवाल्या मालूनं असा काही अर्थ लावला की ज्याचं नाव ते. तिच्या आईला तापाच्या गोळीनं घाम फुटला की औषध लागू पडलं असं वाटायचं. मालूनं तोच हिशेब इथे लावला. हात कापतो म्हणजे औषध अंगात भिनलं. हात कापला नाही की तिला उलट धास्ती वाटायची. डॉक्टरीणबाई दर खेपेला विचारायच्या, काही त्रास होतोय का. सुशील तोंड उघडायच्या आत मालू म्हणायची, नाय नाय, झकास हाय. तिला वाटायचं, त्रास सांगितला तर या सुई बंद करतील, आणि सुई बंद झाली की वडखळचा नाका.

यंदा मे महिना संपता संपता सुशीलनं तिला सांगितलं की जूनची सुई नको. ऑर्डरी जास्त आहेत, आखणीला दुसरा माणूस नाही, हात स्थिर पाहिजे. गणपती गेल्यावर घेऊ.

गणपती गेल्यावर! पेण तालुक्यात या दोन शब्दांवर काय काय लोंबकळत असतं ते तिथे राहिल्याशिवाय कळायचं नाही. लग्नाची बोलणी, गळका पत्रा, किडलेली दाढ, भावाभावांचं भांडण, सगळं गणपती गेल्यावर. त्यामुळे सुशीलचं म्हणणं कोणालाच वेगळं वाटलं नाही. अमोल म्हणाला की इतकी वर्षं ठणठणीत आहे, दोन-तीन सुयांनी काय होतंय. सखा म्हणाला की तुझ्या काळजीनंच तो आजारी राहील एक दिवस. मालूला हे पटलं नव्हतं. पण तिनं शब्द दिलेला होता, नको म्हणालास तर जबरदस्ती नाही. शिवाय खरं सांगायचं तर आयुष्यभर हसं करून घेऊन ती थकली होती. एकदा तरी आपण काळजी न करणाऱ्या बाईसारखं वागून बघू, असं तिच्या मनात आलं. ती बरं म्हणाली. निशिगंधा सिस्टरांचा फोन आला तेव्हा, तो कामाला बाहेरगावी गेलाय, अशी थापही मारली.

आणि जून सुंदर गेला. सुशीलचा हात असा काही बसला की अमोल मूर्तींचे फोटो काढून सगळ्यांना पाठवायला लागला. सुशील हसायला लागला, रात्री चार घास जास्त जेवायला लागला. मालूनं धावीर महाराजांना नारळ फोडला. जुलैची सुई चुकवताना तर तिला विचारावंसंही वाटलं नाही. औषध हळूहळू पाझरतं, म्हणजे ते संपतंही हळूहळू, ही साधी गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नाही. सुई बंद करून जो महिना छान गेला, तो जुन्या सुयांच्या पुण्याईवर गेला होता.

ऑगस्ट लागला आणि फोनवर सुशीलचा आवाज बारीक झाला. काय जेवलास विचारलं तर थांबून उत्तर द्यायचा. एकदा त्यानं विचारलं, तुझ्या बाजूला कोण बसलंय. कोणी नव्हतं. मालूनं स्वतःला समजावलं की कामाचा ताण असेल. आयुष्यात पहिल्यांदा तिनं काळजी करायची नाही असं ठरवलं होतं, आणि जिथे करायला हवी होती नेमकी तिथेच ती शहाण्यासारखी गप्प बसली.

मग डॉक्टरीणबाई पेणला यायच्या त्याच्या आदल्या दिवशी प्रणिताचा फोन आला. ती एवढंच म्हणाली, “ताय, तू ये. आजच ये.”

त्या दिवशी एसटीत मालूच्या जिवाचं पाणी पाणी झालं. गडबला रस्त्याच्या कामापायी गाड्यांची रांग लागली होती, आणि ती खिडकीला नाक लावून बसली. वडखळच्या नाक्यावर तिनं माणसं शोधली. उभ्या ट्रकांच्या मधून, पोलिसाच्या मागे, टपरीच्या आडोशाला. सुशील घरी आहे हे प्रणितानं सांगितलं होतं, तरी शोधला. बाजूच्या बाईनं विचारलं की कोण हरवलंय का. मालू नाही म्हणाली आणि तिला रडू कोसळलं.

कारखान्यात पाऊल टाकलं तेव्हा तिला आधी काही वेगळं दिसलं नाही. नेहमीसारखे गणपती ओळीनं बसलेले. मग तिच्या लक्षात आलं की त्यातला एकही तिच्याकडे बघत नाही. आदल्या दिवसापर्यंत तयार झालेल्या सगळ्या मूर्तींचे डोळे सुशीलनं पुन्हा रंगवले होते. पापण्या खाली ओढल्या होत्या. बुबुळं झाकली होती. प्रत्येक गणपती मान ताठ ठेवून खाली जमिनीकडे बघत होता, आणि काम इतकं सफाईचं होतं की ते चुकून झालं असं म्हणायलाही जागा नव्हती.

सुशील कोपऱ्यात साच्यांच्या मागे बसला होता. दाढी वाढलेली. समोर पाण्याचा तांब्या, न प्यायलेला. मालू त्याच्यापासून थोडी लांबच खाली बसली. काय झालं रे म्हणून विचारलं. तो हळू आवाजात म्हणाला, “बगत व्हते ते. आता नाय बगत.”

रात्र कशी गेली ते मालूलाच ठाऊक. त्यानं दोन दिवस काही खाल्लं नव्हतं. प्रणितानं केळं सोलून दिलं ते घेतलं नाही. मालूनं न सोललेलं दिलं ते घेतलं. पुन्हा पेरू आणि बिस्किटांचे दिवस आले, हे तिला कळून चुकलं. सकाळी अमोल तिला शेडच्या बाहेर घेऊन गेला. तो वाईट माणूस नव्हे. ऑर्डरीची चिंता त्याला होतीच, पण भावाची त्याहून जास्त होती. सुशील पुन्हा निघून गेला तर, हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. तो म्हणाला की दवाखान्यात हा चालत येणार नाही. दोन माणसं बोलावतो, धरून नेऊ. नाहीतर जुन्या गोळ्या घरात आहेत. प्रणिता चहात घालील. तुझ्या हातचा चहा तो घेईल, दुसऱ्या कोणाच्या हातचा घेणार नाही. एकदा डोकं शांत झालं की मग सगळं नीट सांगू त्याला.

धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशी गत झाली मालूची. तिला आई आठवली, पाटा आठवला. पण तिला नाकाही आठवला, आणि ट्रकसमोर हात पसरून उभा असलेला आपला भाऊ आठवला. शब्द मोठा की भाऊ मोठा? शब्द पाळायचा आणि भाऊ गमवायचा, हा कुठला धर्म? तिनं काहीच उत्तर दिलं नाही. तिच्या गप्प बसण्याचा अर्थ अमोलनं हो असा घेतला. थोड्या वेळानं प्रणितानं तिच्या हातात कप आणून ठेवला. आलं घातलेला, गोड, वास छान येत होता.

मालू कप घेऊन शेडमध्ये गेली. ती देणार होती. हे लपवण्यात अर्थ नाही, ती खरोखरच देणार होती. सुशीलनं कपाकडे बघितलं, मग तिच्याकडे बघितलं. त्याच्या नजरेत संशय असता तर तिनं कदाचित कप पुढे केला असता. पण संशय नव्हता. ताई चहा घेऊन आली, एवढंच होतं. त्यानं हात पुढे केला. हात जरासुद्धा कापत नव्हता.

मालूनं कप मागे घेतला.

“नको घेऊ,” ती म्हणाली. “यात गोळी हाय. कुटून घातलीय.”

तो बघत राहिला. दारात उभ्या असलेल्या अमोलनं कपाळाला हात लावला. मालूनं चहा तिथेच जमिनीवर ओतला. पांढऱ्या धुळीत तो पटकन शोषला गेला. आता हा उठेल, दारातून बाहेर पडेल आणि पुन्हा कधी आपल्या हातचं काही घेणार नाही, असं तिला वाटलं. हातानं घालवलं सगळं. पण आता निम्मं बोलून थांबण्यात अर्थ नव्हता, म्हणून ती उरलेलंही बोलली.

ती म्हणाली की तू मला हाताचं सांगत होतास. दर खेपेला सांगत होतास. मी डॉक्टरीणबाईंना एकदाही बोलले नाही. त्या तुला विचारायच्या आणि उत्तर मी द्यायचे. मला वाटायचं हात कापतो म्हणजे औषध लागलं. मला भीती वाटायची रे, त्या सुई बंद करतील म्हणून. म्हणून तुझं बोलणं मी पुढे जाऊच दिलं नाही.

सुशीलनं मान खाली घातली. मग तो म्हणाला, “मी किती येळा सांगितलं तुला.”

“व्हय. सांगितलंस.”

“तुला वाटलं मी उगाच सांगतोय.”

“व्हय,” मालू म्हणाली. “तसंच वाटलं.”

बाहेर कोणाची तरी मोटरसायकल गेली. सुशीलनं तिचा आवाज संपेपर्यंत ऐकला आणि विचारलं, “आता सांगशील?”

“तुज्यासमोर सांगेन. नायतर तूच सांग, मी तोंड उघडणार नाय.”

तो उठला. त्यानं ब्रश पाण्यात बुडवून पुसला, नेहमीच्या जागी आडवा ठेवला आणि चपला घातल्या. सुई घेईन असं तो म्हणाला नाही. हाताचं सांगायला येतो, एवढंच म्हणाला. आणि मालूनंही त्यापुढचं विचारलं नाही.

पेणला जाताना रिक्षात त्यानं दोनदा रिक्षा थांबवायला लावली. एकदा मागची गाडी पुढे जाऊ दे म्हणून, आणि एकदा नुसतीच. दोन्ही वेळा मालूनं त्याचा हात धरला नाही. धरायची इतकी इच्छा झाली की तिनं आपलेच दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले. अमोल मागून मोटरसायकलवर येत होता, लांबून, तिनं सांगितलं होतं तसा.

दवाखान्यात गर्दी होती. सुशील भिंतीला पाठ लावून उभा राहिला. नंबर आला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी दोन चुकलेल्या खेपांचं विचारलं, आणि मालूनं थाप मारल्याचं कबूल केलं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. मग त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, काही त्रास होतो का. मालूनं ओठ दातांखाली दाबले. खोलीत इतकी शांतता झाली की डॉक्टरीणबाईंनी मान वर करून पाहिलं, या बाईला आज झालंय काय म्हणून. सुशील शब्द शोधत होता. मध्येच तो दाराकडे बघायचा, कानावर हात न्यायचा. पण त्यानं सांगितलं. हात कापतो, आखणी जमत नाही, आखणी जमली नाही तर मी कोण, असं तुटक तुटक, पण सगळं सांगितलं. आवाज परत आलेत हेही सांगितलं, आणि ते मालूनं पहिल्यांदाच त्याच्या तोंडून असं सरळ ऐकलं.

डॉक्टरीणबाईंनी त्याचा हात पुढे करायला लावला, बोटं बघितली, कोपर हलवून बघितलं. त्या म्हणाल्या की हे आधी कळलं असतं तर आधीच काहीतरी करता आलं असतं. हात कापणं हा औषधाचा त्रास आहे, औषध लागल्याची खूण नव्हे. आता मात्रा कमी करू, कापऱ्यासाठी वेगळी गोळी देऊ, जमलं नाही तर सुईच बदलून बघू. मात्र त्यांनी खोटी आशा दाखवली नाही. आवाज आज घेतलेल्या सुईनं उद्या जाणार नाहीत. तोवर काही दिवस रोजच्या गोळ्याही घ्याव्या लागतील, डोळ्यांसमोर, विचारून. हात अजिबात कापणार नाही याची हमी नाही. आणि या सीझनचं आखणीचं काम बहुतेक दुसऱ्याला द्यावं लागेल. सुशीलनं ते ऐकलं आणि त्याचा चेहरा पडला. मालूला वाटलं, झालं, इथेच सगळं फिसकटलं.

निशिगंधा सिस्टर सुई भरून पडद्याशी उभ्या राहिल्या. पुढचे पेशंट खोळंबले होते. त्यांनी सवयीनं मालूकडे बघून विचारलं, “घ्यायची ना?”

मालूनं मान खाली घातली. सिस्टरांनी पुन्हा विचारलं. ती तशीच बसून राहिली. इतकी वर्षं उत्तरं देऊन झाली होती तिची.

सुशील पडद्याजवळ गेला आणि तिथे थांबला. “ताय,” तो म्हणाला, “आज तू इचारलं नायस गो.”

मालूनं मान वर केली. इतक्या वर्षांत तिनं हा प्रश्न विचारला होता तो उत्तर ठाऊक असताना. आज तिला उत्तर ठाऊक नव्हतं. तो नको म्हणाला तर तिला उठावं लागणार होतं, त्याला घेऊन बाहेर पडावं लागणार होतं, त्या रस्त्यावर, त्या नाक्याच्या दिशेनं, त्या खाली बघणाऱ्या गणपतींकडे. आणि ती तसं करणार होती, कारण तिनं शब्द दिला होता आणि आज सकाळी चहा ओतून तो दुसऱ्यांदा दिला होता. तरी तिनं विचारलं.

“घ्यायची का रे?”

सुशील आपल्या उजव्या हाताकडे बघत होता. बोटं त्यानं एकदा मिटली, एकदा उघडली. सिस्टर थांबल्या, डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं, दारातून अमोल आत डोकावला आणि तसाच राहिला. मालूनं श्वास रोखून धरला, तिचा भाऊ पापणीची रेघ ओढताना धरतो तसा.

“घेऊ,” तो म्हणाला, आणि पडदा बाजूला करून आत गेला.